तिसरा ठोका

शिवमूर्तीअप्पा दुकानात आले की मी आधी पंखा बंद करायचो. ते काही बोलत नसत. दारात उभे राहून नुसते वर बघत, आणि त्या बघण्यात इतकी नाराजी असे की माझा हात आपोआप बटनाकडे जाई. मे महिन्यात आमच्या झरी गावात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. गिऱ्हाईक वैतागायचं, मी वैतागायचो. अप्पा मात्र बाकड्यावर मांडी घालून खुशीत म्हणत, "आता बघ. आता दुकान बोलायलंय."

माझं दुकान मोटारी, पाईप आणि त्यांच्या सामानाचं. ते काय बोलणार? पण अप्पा डोळे मिटून सांगत, "मागं तोटी गळायली. पोत्यात उंदीर हाय. आन् ती कोपऱ्यातली मोटार तू कुणाला दुरुस्त म्हणून दिलीस तर शिव्या खाशील, बेअरिंग गेलंय तिचं." बहुतेक वेळा बरोबर निघे. एकदा उंदीर म्हणाले आणि पोत्यातून सरडा निघाला. मी हसलो. अप्पा हसले नाहीत. आठवडाभर दुकानाकडे फिरकले नाहीत, आणि आले तेव्हा पहिलं वाक्य, "सरड्याच्या पायाचा आवाज हलका असतो. मी घाई केली." एका सरड्यापायी माणूस आठवडाभर झुरतो हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

अप्पांची उभी हयात आरमारात गेली. आमच्याकडून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. त्यात हे लिंगायताचं घर, वडिलांचा भुसार मालाचा व्यापार. त्या घरातला मुलगा ज्वारीच्या पोत्यांवरून उठून थेट जहाजावर कसा गेला, याच्या गावात वेगवेगळ्या कथा आहेत आणि एकही खरी नसावी. निवृत्त होऊन आले ते कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. गावानं त्यांचं नाव 'नेव्हीअप्पा' करून टाकलं. जहाजावर ते पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजावरून शोधायचे. त्या यंत्राला सोनार म्हणतात, पण अप्पा गावात ते नाव घेत नसत, कारण लगेच कुणीतरी सोन्याचा भाव विचारायचं.

"अप्पा, पाणबुडी पायली का कदी?" हा पारावरचा कायमचा प्रश्न.

"पायली न्हाई. ऐकली."

"म्हंजे नवरी न पाहताच संसार केला म्हना की!"

"तसंच," अप्पा म्हणत. त्यांना या चेष्टेचा राग येत नसे. राग यायचा तो आवाजाचा. पुतण्याच्या लग्नात डीजे लागला तेव्हा अक्षता पडायच्या आधी उठून ते शेतातून चालत घरी आले होते. चहा बशीत ओतायचे तो थेंबाचाही आवाज न करता. चपला कधी आपटल्या नाहीत, दार कधी लोटलं नाही. काही ऐकायचं असलं की डावा हात वर करायचे, बोटं मिटलेली. तो हात वर गेला की समोरच्यानं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. कलावतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या हाताला अजिबात भीक घालत नसत. "ह्यांना समुद्राच्या तळाचं ऐकू येतं," त्या म्हणायच्या, "आन् चुलीपासून हाक मारली तर येत न्हाई."

पाणबुडी सापडते कशी, हे मला अप्पांनी दोन भावांच्या विहिरीवर समजावलं. ही विहीर आमच्या गावाबाहेर, सामाईक. थोरल्या आणि धाकट्या भावाचं बोलणं कित्येक वर्षं बंद. आमच्याकडे भावांचं बोलणं बंद झालं की विहिरीला दोन पाईप होतात, दोन स्टार्टर होतात, पाणी तेवढं एकच राहतं. पुढं धाकट्यानं आपल्या वाटणीत बोअर घेतला, विहिरीतली मोटार काढून नेली. पाईप मात्र काढला नाही. पूर्वेच्या अंगाला तो रिकामा लोखंडी पाईप तसाच तळापर्यंत उभा. त्याला पाणी नको होतं, हक्क हवा होता. पाईप असेपर्यंत विहीर त्याचीही.

उन्हाळ्यात आम्ही तिथं पोहायला जायचो. अप्पा काठावर बसून म्हणाले, "खाली बुडी मार, आन् पायाला एकदम गार कुठं लागतंय ते बघ."

मी बुडी मारून आलो. वर कोमट, आणि पुरुषभर खाली गेलं की पाय बर्फात घातल्यासारखे.

"तो थर," अप्पा म्हणाले. "समुद्रातबी तसाच असतो, लय खोल. जहाज पाण्यात हाक मारतं. टणकन. ती हाक लोखंडाला लागली की परत येती. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. आन् परत येताना बारीक झाली का जाड, त्यावरून कळतं, समोरचं जवळ यायलंय का लांब जायलंय. देवगाव फाट्यावर थांबल्यावर एसटीचा भोंगा येताना एक असतो, गेल्यावर एक असतो. तसं. पण त्या थरावर हाक वाकती, सरळ जात न्हाई. पाणबुडीवाल्याला हे ठावं असतं. तो थराखाली जाऊन बसतो. जहाज त्याच्या डोक्यावरून हाका मारत जातं, आन् त्याच्या केसाला धक्का न्हाई."

"मग?"

"मग कान खाली सोडायचा. तारेला बांधून, थराच्या खाली. पोहरा सोडतोस तसा. आन् कधीकधी हाक मारायचीच न्हाई, नुसतं ऐकायचं. हाक मारणारा आधी सापडतो. आपलं इंजिन हळू करायचं, बोलायचं न्हाई, ताट वाजवायचं न्हाई. मग समुद्र बोलतो. झिंगे लाह्या फुटल्यासारखे तडतडतात. देवमासा ओरडतो, वाटतं कुणाची म्हैस वासराला हंबरायली. त्या सगळ्या कलकलाटात एक आवाज असा असतो, की तो समुद्राचा नसतो. तो माणसाचा असतो. तो धरायचा."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण ऐकायला आवडायचं.

एक गोष्ट मात्र ते चेहरा न उजळता सांगत. नोकरीच्या सुरुवातीची. सराव चालला होता, आपलीच एक पाणबुडी लपलेली आणि ती शोधायची. अप्पांना परतीचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. तरुण रक्त, ते ओरडले. सगळं जहाज त्या दिशेला वळलं, हेलिकॉप्टर उडालं. धावून धावून पोचले कशावर, तर तळाशी पडलेल्या कुठल्यातरी जुन्या बुडालेल्या बोटीच्या सांगाड्यावर. तेवढ्यात पाणबुडी मागच्या बाजूनं आली आणि सरावाच्या नियमानुसार अप्पांचं जहाज बुडालं असं जाहीर झालं. "खरी लढाई असती तर जहाजावरची समदी माणसं माझ्या तोंडामुळं गेली असती," अप्पा म्हणत. त्यांचा वरिष्ठ एक मल्याळी गृहस्थ होता. तो ओरडला नाही. त्यानं शेजारी बसवून एवढंच सांगितलं, "दो बार आया तो दिल में रखो. तीसरी बार आया तो मुँह से निकालो."

अप्पांनी ते वाक्य विभूतीसारखं रोज लावलं. बाजारातली अफवा असो की कुणाच्या सुनेबद्दलची कुजबुज, दोनदा ऐकलेलं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. मला याचा आदर वाटायचा. अजूनही वाटतो, आणि त्याच वाक्याची मला आता चीडही येते.

काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. थोरल्या भावानं विहीर खोल करायला काढली. काम माणिकचं. माणिक म्हणजे तिशीतला, काटक, गाणी म्हणत सुरुंगाची भोकं मारणारा माणूस. त्याची भावकी दरसाल ऊसतोडीला जायची. हा जात नसे. "बायकोला कोयता देन्यापरीस मी पहार धरतो," म्हणायचा. बायको रुक्मिण वर यारीपाशी, म्हणजे खालचा गाळ वर ओढणाऱ्या क्रेनपाशी, टोपली रिकामी करायला असायची.

ऐन दुपारी पश्चिमेचं अंग सुटलं. आधी काळी माती, तिच्यामागून जुन्या बांधकामाचे दगड. मी पोचलो तेव्हा अर्धी विहीर बुजल्यासारखी दिसत होती आणि सगळा गाव काठावर एकाच वेळी बोलत होता. परभणीहून पथक निघालं होतं, पण ते येईपर्यंत माणसं यारीनं खाली उतरून दगड काढत होती. माणिक शेवटचा दिसला तो पश्चिमेला टोपली भरताना, म्हणून सगळे पश्चिमेला उकरत होते. थोरल्याची मोटार अजून चालू होती. विहिरीचे झरे जिवंत होते आणि खाली जमणारं पाणी ती ओढून टाकत होती.

अप्पांना कुणी बोलावलं ते माहीत नाही. ते आले, विहिरीभोवती एक फेरी मारली आणि धाकट्याच्या रिकाम्या पाईपाला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "समदं बंद करा. मोटार, यारी, फटफट्या, तोंडं. खाली जिता असंल तर मला ऐकू येईल."

थोरल्यानं स्टार्टर पाडून मोटार बंद केली. यारीचं इंजिन थांबलं. राहिली रुक्मिण. ती जमिनीवर बसून आक्रोश करत होती. अप्पा तिच्यासमोर वाकले. "माय, थोडं गप बस. तुझ्या रडण्यात त्याचा आवाज बुडायलाय." तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तो दातांनी धरून बसली. तिचे डोळे मला अजून दिसतात.

अप्पांनी माझ्याकडून पाना घेतला. पाईपावर ठोका मारला आणि कान लावला. मग थोरल्याच्या पाईपाशी गेले, तिथंही तसंच. पुन्हा रिकाम्या पाईपाशी आले. ठोका मारला, कान लावला, आणि त्यांचा डावा हात वर गेला.

झरी एवढी गप झालेली मी जन्मात पाहिली नाही. तीनशेवर माणूस असेल. अप्पांचा चेहरा आम्हाला दिसत होता. तो बदललेला सगळ्यांनी पाहिला. त्यांनी पुन्हा ठोका मारला. पुन्हा तो चेहरा. म्हणजे उत्तर आलं होतं, दोन्ही वेळा, पूर्वेच्या पाईपातून. माणिक पश्चिमेला नव्हता.

पण अप्पा बोलले नाहीत. हात वरच. उन्हानं तापलेलं लोखंड स्वतःहूनही टकटकतं, हे त्यांना ठाऊक होतं. यारी एकच. पूर्वेला म्हणावं आणि माणूस पश्चिमेला असावा, म्हणजे आपल्या तोंडानं त्याला मारलं. हे सगळं त्यांनी नंतर मला सांगितलं. तेव्हा आम्हाला फक्त तो हात दिसत होता. त्यांनी तिसऱ्यांदा ठोका मारला आणि वाट बघत राहिले.

किती वेळ गेला हे गावात प्रत्येक जण वेगवेगळं सांगतो. एवढं नक्की, की मध्येच थोरला भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पा, मोटार चालू करू का? खाली पाणी चढायलंय." अप्पांनी मान न वळवता हात आणखी उंच केला. आणि आम्ही सगळे गप बसलो. कुणी त्यांचा हात खाली ओढला नाही. रुक्मिणीनं बोळा काढला नाही.

शेवटी अप्पा म्हणाले, "पूर्वेला उकरा." तिसरा ठोका आलाच नव्हता. त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला होता.

माणिक पूर्वेच्या कपारीत सापडला. दरड सुटताना तो पळून तिकडं शिरला असणार. वर खडक होता, तोंडाशी माती आली होती, आत बसण्यापुरती जागा. अंगावर साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. गुडघे छातीशी घेऊन बसलेला, शेजारी तो पाईप, हातात दगड, आणि पाणी नाकाच्या वर.

त्याला वर आणला तेव्हा तो तसाच बसलेल्या स्थितीत ताठरलेला होता. अप्पांनी पाहिलं. आमच्याकडे लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत, मातीत बसवून पुरतात. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "आमच्यात मेल्यावर बसवतात. हा जिता बसला होता." मग ते चालत घरी गेले. कुणी त्यांना काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

गावानं मात्र एक ठरवलं. रुक्मिणीला सांगायचं, दरड पडली त्या क्षणी माणिक गेला, त्याला काही कळलं नाही. सरपंचांपासून यारीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. सुखाचं खोटं. मीही सांगितलं. अप्पांकडे जाऊन मी बजावलं, "अप्पा, ती आली तर तुम्हीपण हेच म्हणा. तिला लहान लेकरं आहेत. जगू द्या तिला."

अप्पा म्हणाले, "मला थोरल्याचं ऐकू आलं होतं. पाणी चढायलंय म्हणला ते. शब्दन् शब्द ऐकू आला. पण मी पाईप ऐकत होतो."

दहावं-बारावं झाल्यावर रुक्मिण अप्पांकडे आली. मी पडवीतच होतो. ती बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

"अप्पा, समदे म्हनतेत की त्यो लगीच गेला. तुमी कान लावला व्हता. तुमी सांगा. माझ्या मानसानं आवाज दिला का?"

मी अप्पांकडे बघून मान हलवत होतो. नाही म्हणा, नाही म्हणा. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी उभ्या जन्मात न ऐकलेलं ऐकलं म्हटलं नव्हतं, आणि ऐकलेलं नाकारलं नव्हतं. ते मला तेव्हा फार स्वार्थी वाटले, हे खरं सांगतो.

"दिला," अप्पा म्हणाले. "दोनदा."

"मग?"

"मग मी तिसऱ्याची वाट पाहिली, माय. मला यकीन पायजे होतं. तेवढ्यात पाणी चढलं."

रुक्मिण रडली नाही. म्हणाली, "मलाबी तुमी गप केलं व्हतं. मी वरडले असते तर त्याला ऐकू तरी आलं असतं, मी वर हाय म्हनून." आणि निघून गेली. आतून काकू आल्या, त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या परत आत गेल्या.

मला वाटलं, ती पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. पुढच्या सोमवारी ती आली. अप्पा पूजा आटोपून बसले होते. म्हणाली, "त्यानं कसं वाजवलं ते दावा."

त्यानंतर ती येतच राहिली. शिक्षा द्यायला येते की आणखी कशाला, ते मला आजवर समजलेलं नाही. धाकट्या भावानं तो पाईप उपटून बांधावर टाकला होता. आता त्याला हक्कही नको होता. अप्पांनी त्याचा एक तुकडा आणून पडवीच्या भिंतीला उभा केला.

माझ्या दुकानात ते परत कधी आले नाहीत. आणि मग त्यांचे कान जायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी फळीवर ठेवून दिलं. काकू म्हणाल्या, "आता तर मी शेजारी बसून बोलले तरी न्हाई. मी बोलायचंच सोडलं." पूर्वी हेच त्या चेष्टेनं म्हणायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, अशाच एका सोमवारी. वाळून अर्धे झाले होते. शर्टाला मात्र इस्त्री होती. रुक्मिण पायरीवर बसलेली, केसांत पांढरं दिसू लागलेलं. मी टेबलफॅनसमोर खुर्ची ओढून बसलो. अप्पांनी मला ओळखलं, पण लक्ष दिलं नाही. त्यांनी पाना उचलला आणि पाईपावर ठोका मारला. हलका, दमलेल्या माणसाच्या हातचा. थांबले. दुसरा मारला. मग पाना मांडीवर ठेवून ते पाईपाकडे कान करून बसले. त्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मग त्यांनी रुक्मिणीकडे पाहून विचारलं, "आला का?"

"न्हाई, अप्पा," ती म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं नाही. म्हणून तिनं मान हलवली.

अप्पांनी डावा हात वर केला, बोटं मिटलेली. रुक्मिणीनं पदर तोंडावर धरला. आत काकूंनी भांडी घासायची थांबवली. अप्पांना आता पंखाही ऐकू येत नव्हता. तरी मी उठलो आणि तो बंद केला.